भिंतीतले केस

नर्सबाई म्हणजे बाळंतपणं करणारी, असा सगळ्यांचा समज असतो. तो खोटा नाही. पण वणीच्या बाजूच्या खेड्यांतून फिरताना मी बाळांपेक्षा डोकीच जास्त पाहिली असतील. बाळंतिणीला तपासून हात धुतले की घरातली म्हातारी हळूच जवळ सरकायची, दाराकडे पाठ करायची आणि पदर मागे घ्यायची. "जरा पाह्य वं बाई, इथं काय झालं ते." नवऱ्यालाही कधी न दाखवलेलं डोकं ती मला दाखवायची. ज्या दवाखान्याच्या मी हाताखाली होते, त्याच्या पाटीवरचं राज्याचं नाव त्या काही वर्षांत दोनदा बदललं. म्हाताऱ्यांचं गाऱ्हाणं तेच राहिलं.

वाचकांपैकी पुष्कळांना हे ठाऊक नसेल म्हणून आधी सांगते. केस जाण्याचे ढोबळ दोन प्रकार. मुदतीचा ताप, बाळंतपण, उपासमार यांनी केस झडतात, पण जमीन शाबूत असते. चार-सहा महिन्यांत पुन्हा उगवतात आणि गावातल्या ज्याने कोणी तेल दिलेलं असेल त्याला यश मिळतं. दुसऱ्या प्रकारात कातडीच बदलते. आत व्रण होऊन केसाचं मूळ बुजून जातं. वरून कातडी पातळ आणि चकचकीत दिसते, बशीच्या पाठीसारखी. मी पिशवीत एक भिंग ठेवत असे. भिंगातून केसाची भोकं दिसली तर धीर द्यायचा. भोकंच नसतील तर पदर नीट करून द्यायचा आणि खरं सांगायचं. हे खरं पन्नाशी उलटलेल्या बायकांनाच जास्त वेळा सांगावं लागलं.

राजूरला खाणीत कामाला जाणाऱ्या एकाची आई होती. तिच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा होता. तो साधा होता, आपोआप भरून आला असता. कोणीतरी तिला त्यावर बिब्बा लावायला सांगितला. बिब्ब्याने कातडी जळली, पिकली, आणि भरली ती केसांवाचून.

"पण चट्टा तं गेला ना बाई?" तिने मला विचारलं.

"गेला. आता त्याच्या जागी तळहात आला," मी म्हणाले. ती इतकी हसली की खोकला लागला.

राळेगावकडच्या एका बाईचं असं हसण्यावारी गेलं नाही. कापूस वेचायला जायची. डोक्यावर, गालांवर, कानांच्या पाळ्यांवर लालसर चट्टे, मधे खोलगट व्रण; उन्हात गेली की आग व्हायची. ती केसांसाठी रडत होती आणि बोटांची पेरं दुखतात हे तिने जाता जाता सांगितलं. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केस सोडून पेरांचंच विचारलं, मग लघवी मागितली. स्पिरिटच्या दिव्यावर नळीत ती तापवली तर अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. मूत्रपिंडं गेलेली होती. पुढल्या वेचणीला ती नव्हती. तेव्हापासून कोणी डोकं दाखवलं की मी पाय, नाडी, डोळे, जीभ सगळं पाहू लागले. डोक्यावरचा व्रण कधी नुसता व्रण असतो, कधी आत चाललेल्या दुसऱ्याच गोष्टीची खूण असते.

आता तांड्यातली गोष्ट सांगते. ती मी आजवर कार्यालयात कोणाला पूर्ण सांगितलेली नाही.

मारेगावच्या पुढे, नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा एक लहान तांडा होता. यांचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. या लोकांनी ते सोडून कापूस-ज्वारी धरली त्यालाही दोन पिढ्या झाल्या होत्या. तिथल्या मंगली नावाच्या बाळंतिणीला ताप आल्याचा निरोप आला आणि मी दिवाळीच्या पाडव्याला, सुट्टी असून, तिथे गेले.

मंगलीच्या दाराबाहेर दगडावर एक बाई बसली होती. दुपारचं ऊन चांगलंच टोचत होतं आणि ही घोंगडं पांघरून बसलेली. तिला भुवया नव्हत्या. कपाळ संपायचं तिथे संपतच नव्हतं, ते गुळगुळीत होत टाळूपर्यंत चढलेलं होतं. त्या चकचकीत पट्ट्यात मधेच एखादा केस एकटा उभा होता, कापणीनंतर शेतात चुकून राहिलेल्या धांड्यासारखा. चेहरा सुजट, पिवळट. पापणी लवायलाही तिला वेळ लागत होता.

तांड्यात वडीलधाऱ्या बाईला याडी म्हणतात, म्हणजे आई. मी विचारलं, "याडी, जेवली का?"

ती माझ्याकडे पाहत राहिली.

"थंडी वाजते का तुला?"

"जेवली," ती म्हणाली. आवाज घोगरा, घड्यात तोंड घालून बोलावं तसा.

"हे घोंगडं कोणाचं?"

"वाजते."

मला वाटलं, ऐकू कमी येतं. पण तसं नव्हतं. ती बरोबर उत्तर देत होती, फक्त मागच्या प्रश्नाचं. मी पुढे गेलेली असायची आणि ती अजून माझ्या मागे येत असायची. खरं सांगायचं तर मला तिथे उभं राहवेना. मी आत गेले.

मंगलीचा ताप दुधाच्या गाठीचा होता. शेक दिला, दूध काढलं, बाळाला नीट पाजायला दाखवलं. हात धुवत होते तेव्हा तिचा नवरा थावरा घराच्या मधोमध निखारे घेऊन बसला. पाडव्याला बंजारे आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात. एकेकाचं नाव घ्यायचं, लापशीचा घास आणि तूप निखाऱ्यावर सोडायचं. धूर उठला म्हणजे ते पोचलं. याला ते धबुकार म्हणतात. मी बाजूला उभी राहिले. थावराने आज्याचं नाव घेतलं, पणज्याचं घेतलं, दोन चुलत्यांची घेतली. प्रत्येक नावाला धूर. मग त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "रूपली याडी."

त्याने तुपाची पळी निखाऱ्यांवर धरली.

"हां," बाहेरून आवाज आला. घोगरा, उशिरा.

कोणी मान वर केली नाही. थावराने तूप सोडलं.

मी मंगलीला हळूच विचारलं, "रूपली कोण?"

"सासू."

"केव्हा वारली?"

मंगलीने दाराकडे पाहिलं. "बाहीर बसली ना," ती म्हणाली.

त्या घरात काय चाललं होतं ते मला मग तुकड्यातुकड्याने कळलं. बंजारा सवाष्ण बाई कानशिलाजवळच्या केसांत चांदीच्या टोपल्या, म्हणजे वाटीसारखे दागिने बांधते, त्यांना घुगऱ्या, म्हणजे बारीक घुंगरं लोंबत असतात. नवरा आहे तोवर त्या केसांत असतात. तो गेला की निघतात. रूपलीच्या कानशिलाचे केस दोन-तीन वर्षं मागे मागे सरत गेले. आधी खाज, आग, मग केस हातात. एक दिवस टोपली गाठीसकट गळून चुलीपाशी पडली. पुन्हा बांधायला केसच राहिले नव्हते. नवरा जिवंत आणि घुगरी नाही, अशी बाई तांड्याने पाहिलेली नव्हती. तिचा नवरा धावजी, चांगला उंचापुरा म्हातारा, त्याने त्याचा सरळ अर्थ लावला. आपण मेलेले आहोत, निरोप यायचा आहे. तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला. भाकर बंद, नुसतं पाणी.

त्यात रूपली अशी झाली. गार पडली, आवाज बदलला, भुवया गेल्या. भगताने सांगितलं की घरातलं एक माणूस गेलेलंच आहे, फक्त कोणतं ते ठरलेलं नाही. बाईला गेलेली धरा, म्हणजे बाप्या राहील. म्हणून धबुकारात तिचं नाव आलं होतं. आदल्या संध्याकाळी तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन घरोघर गेल्या होत्या. दिवाळीला त्या प्रत्येक जित्या माणसापुढे दिवा धरून त्याला 'मेरा' म्हणतात, म्हणजे आशीर्वाद मागतात. रूपलीपुढे त्या थांबल्या नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी तिला शेतातल्या खोपीत नेऊन ठेवायचं ठरलं होतं. खोपीला वर छप्पर होतं, बाजूला भिंती नव्हत्या. थंडी पडायला लागली होती. तिथे ती काही दिवसांत गेली असती आणि भगताचं खरं झालं असतं.

मी बाहेर येऊन तिला तपासलं. भुवया गेल्या म्हटल्यावर आमच्या भागात पहिला संशय महारोगाचा. डोळे मिटायला लावून पिसाने गालाला स्पर्श केला, मग कोपराला. मी कोपरावर असताना तिने गालावर बोट ठेवलं. मी थांबून थांबून पुन्हा केलं. प्रत्येक जागा तिने बरोबर दाखवली, फक्त उशिरा. महारोग नव्हता. भिंगातून कपाळ पाहिलं, एकही भोक नाही. नडगी दाबली, सूज होती पण खळगा पडला नाही. नाडी धरली. दोन ठोक्यांच्या मधे इतका अवकाश होता की दर वेळी वाटायचं, आता पुढचा येत नाही. हात भर उन्हात गार.

हे काय आहे ते ठरवणं माझं काम नव्हतं. तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोचवणं माझं काम होतं.

"आजारी आहे ही," मी थावराला म्हणाले. "उद्या माझ्याबरोबर यवतमाळला येऊ दे."

"आजारी?" तो म्हणाला. "आजारी माणूस कण्हते, बाई. हिले घाम नाही, भूक नाही, रडू नाही. माह्या लेकीले पाहून हासली बी नाही."

"घाम नाही म्हणून मेली?"

"तं मंग तुमीच सांगा. हे जित्ती आहे काय?"

रूपली आमच्या दोघांच्या मधे बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"अन् तिले नेलं, वाचवलं, तं माह्या बापाचं काय?" थावरा म्हणाला. तो दुष्ट नव्हता. त्याच्यापुढे आई किंवा बाप असा हिशोब मांडला गेला होता आणि त्याने बाप घेतला होता.

म्हणजे आधी बाप उठवायला हवा होता. मी आत गेले. धावजी भिंतीला नाक लावून पडला होता. खुंटीला त्या टोपल्या अडकवलेल्या होत्या.

"नाडी द्या, बापू," मी म्हणाले. नाडी उत्तम होती, फक्त माणूस उपाशी होता. तसं मी सांगितलं.

"ते वाजते," तो भिंतीकडेच बोलला.

"काय?"

"घुगरी. खुंटीवर वाजते."

"वाऱ्याने वाजत असेल."

"दार लावलं तरी वाजते. ते बाहीर दगडावर बसून राह्यते, अन् घरात चालल्यावानी वाजते."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. उपाशी माणसाशी वाद घालू नये. "ओढणीला शिवून टाका त्या घुगऱ्या. नाहीतर दोऱ्याने बांधा," मी म्हणाले.

"ओढणीचा नवरा आहे काय मी?" म्हातारा म्हणाला. मला जरा बरं वाटलं. थट्टा करणारा माणूस पुरता गेलेला नसतो. "केसातच पाह्यजे. तिच्याच केसात."

"तिला केस नाहीत."

"आहेत," दारातून मंगली म्हणाली. तिच्या खांद्यावर बाळ होतं. सासऱ्यासमोर ती एरवी बोलत नसे. घुंगट ओढून तिने भिंतीकडे बोट केलं, अगदी धावजीच्या नाकासमोर. "याडीचेच केस आहेत."

हे मला आधी सुचायला हवं होतं, कारण आमच्याकडे कितीतरी घरांत ही रीत आहे. विंचरल्यावर फणीत आलेले केस बाई बाहेर टाकत नाही. कोणी नेऊन करणी करील ही भीती. त्यांचं बोटावर वेटोळं करायचं आणि मातीच्या भिंतीच्या फटीत खुपसायचं. वरून पोतारा घेतला की फट बुजते. पुढच्या फटीची सुरुवात होते.

मंगलीने विळ्याच्या टोकाने माती खरवडली. आधी पांढरी वेटोळी निघाली, मग करडी. त्याच्या मागे काळी. ती ओढत गेली आणि केस येत गेले, लांब, जाड, मातीने भरलेले, काहींना वाळवी लागलेली. थावरा मागे सरून दाराला टेकला. धावजी खाटेवर उठून बसला होता. त्या भिंतीत एक आख्खी तरुण बाई होती आणि इतके दिवस तो तिच्याकडेच तोंड करून पडलेला होता.

मी रिठ्याचं पाणी मागितलं. घाबरलेल्या माणसांना काम द्यावं, हे मला नोकरीने शिकवलं आहे. मंगलीने केस तीनदा धुतले, उन्हात वाळवले, चांगले निवडून त्यांचं गंगावन वळलं. रूपलीच्या मागच्या बाजूला जे थोडे केस उरले होते त्यांत ते गुंफलं, दोन्ही बाजूंनी कानशिलांवर आणलं आणि त्यात टोपल्या बांधल्या.

दिसायला ते चांगलं दिसलं नाही. मेणासारखा, भुवया नसलेला चेहरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विशीतल्या पोरीचे काळेभोर केस. मंगलीने शेवटची गाठ तोंड फिरवून मारली. पण धावजी काठी टेकत दारापर्यंत आला, पाहत राहिला आणि म्हणाला, "हेच. लग्नात हेच केस होते." मग त्याने भाकर मागितली.

तेव्हा रूपली बोलली. थावराकडे वळून, त्या घड्यातल्या आवाजात म्हणाली, "म जीवती छू."

मी जिवंत आहे. थावराने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं ते. त्याने विचारल्याला बराच वेळ झाला होता. बाकीच्यांना वाटलं तिला देवीने बोलतं केलं. थावरा मात्र जागच्या जागी खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रूपलीला घेऊन बैलबंडी खोपीऐवजी मारेगावला आली. तिथून एसटीने आम्ही यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी तिला पाहिलं, आवाज ऐकला, गुडघ्यावर हातोडीने टकटक केली. पाय उडाला आणि फार सावकाश खाली आला. ते मला म्हणाले की हिच्या गळ्यातली एक ग्रंथी जवळजवळ बंद पडली आहे. तिच्यामुळे शरीराची चूल पेटलेली असते. जनावराच्या त्याच ग्रंथीची वाळवून केलेली गोळी रोज, जन्मभर. अजून काही आठवडे थंडीत राहिली असती तर झोपेतच गेली असती.

"अन् केस?" मी विचारलं.

"ते वेगळं दुखणं आहे. भुवयाही त्यानेच गेल्या असाव्यात," ते म्हणाले. "पण ही दोन दुखणी एकाच बाईत मी याआधीही पाहिली आहेत. का ते मला सांगता येणार नाही. केस येणार नाहीत, तसं सांगून टाका."

गोळी जनावराची म्हटल्यावर मला वाटलं घरचे बिचकतील. धावजी म्हणाला, "बकरा तं आमी तसाई खातो. तुमचा डाक्तर गोळी करून देते, एवढंच."

मी दर फेरीला तांड्यात थांबत असे. आधी हात कोमट झाले. मग घोंगडं सुटलं. सूज उतरली तसा खालून एक तिखट, हाडकुळा चेहरा निघाला. उत्तरं जवळ जवळ येत गेली. एक दिवस मी प्रश्न पुरा करायच्या आत तिने उत्तर दिलं आणि वर मला विचारलं, "तुह्या नवऱ्याले स्वयंपाक कोण करून घालते वं, तू अशी फिरून राह्यली तं?" तेव्हा ती बरी झाली असं मी धरलं. कपाळ तसंच गुळगुळीत राहिलं, उलट बोटभर आणखी मागे गेलं. भिंतीतल्या केसांवर घुगऱ्या बांधून ती पाणी भरायला जायची. मला कधी तिच्या डोक्याकडे नीट बघवलं नाही.

पुढच्या दिवाळीला पाडव्याच्या दिवशी मी मुद्दाम गेले. मंगलीची पोर चालायला लागली होती. रूपलीने दारातच सांगितलं की काल पोरी आल्या, दिवा धरला, मेरा म्हटलं. "एक भ्याली. दुसरीनं तिचा हात धरून दिवा माह्या तोंडापुढं आणला. चटका बसला असता मले," ती म्हणाली. ते सांगताना ती फार खूश होती.

आत थावरा निखारे घेऊन बसला. रूपली माझ्या शेजारी उभी होती. त्याने आज्याचं नाव घेतलं, पणज्याचं, चुलत्यांची. शेवटच्या नावानंतर तो थांबला. घास पुढे नेला नाही, हात आवरून घेतला. पण सगळ्यांनी दाराबाहेर पाहिलं, मीसुद्धा. धूर वर गेला. बाहेर दगड रिकामा होता. कुठूनच काही आवाज आला नाही.

रूपली माझ्या कानाशी आली. "गेल्या साली मले इथं हाक मारली. मंगलीनं सांगितलं."

"मारली. तू 'हां' म्हणालीस."

"म्या नाही म्हटलं."

"मी ऐकलं, याडी."

"हाक आली मले. म्या तोंड उघडलं, पण गळ्यातून काई निघालंच नाही. मले वाटलं, आता हे मले जाळतील. तेवढं याद आहे." तिने माझ्याकडे त्या भुवया नसलेल्या डोळ्यांनी पाहिलं. "मंग कोण म्हटलं वं बाई?"

त्या दुखण्यात आठवण धूसर होते, डॉक्टरांनी मला तसं सांगितलेलं आहे, आणि मी तेच तिला सांगितलं.

"डाक्तर होता काय इथं?" ती म्हणाली.

मी नोकरी करणारी बाई आहे. ज्याला उपाय नाही त्याच्यावर मी वेळ घालवत नाही. मी पिशवी उचलली आणि विचारलं, "आजची गोळी घेतली का?"

"घेतली," ती म्हणाली, ताबडतोब. मग तिने मान हलवली आणि घुगऱ्या वाजल्या.